सोलापुरातून थेट बर्फावर : स्नोबोर्डिंगची सुरुवात कुठून करायची?

कडक_भाकरी

मंडळी, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं ठरायलंय. ऑफिसातले आम्ही चौघं. तिघांना गोंडोलात (केबल कारमध्ये) बसून फोटो काढायचेत, मला मात्र स्नोबोर्ड शिकायचंय. वय पस्तिशीच्या आसपास, पोट थोडं पुढं, गुडघे ठीक, लहानपणी पार्क स्टेडियमवर स्केटिंग केलंय पण ते चार चाकांचं, फळीचं नाही.

व्हिडिओ लई बघितले आणि त्यानं डोकं अजून फिरलं. एकजण म्हणतो आधी पडायला शिका, दुसरा म्हणतो आधी वळायला शिका, तिसरा मागं रेलून असा काही जातो की वाटतं सोफ्यावर बसलाय. मला एवढंच कळवा की एकदम नवशिक्यानं कुठल्या क्रमानं काय शिकायचं, इथं सोलापुरात बसून आधी काही तयारी होते का, आणि चार दिवसांत माणूस निदान न ओरडता खाली येऊ शकतो का? चेष्टा करा, पण मधी मधी उत्तर पण द्या.

सातरस्ता_एक्सप्रेस

सोलापुरात बर्फ फक्त उसाच्या रसात बे. तयारी म्हणून रोज दोन ग्लास पी.

गड्डाप्रेमी

फेब्रुवारी घेतलास ते बरं केलंस. जानेवारी म्हणला असतास तर धागाच बंद करायला लावला असता. गड्डा यात्रा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा, सोडून बर्फात जाणारा सोलापूरकर मला बघायचा पण नाही.

हिमभटक्या

भाकरीदादा, सरळ सांगतो, पहिल्यांदा जात असाल तर स्की घ्या, बोर्ड नको. स्कीत दोन्ही पाय मोकळे, तोंड पुढं, हातात काठ्या, दोन्ही टोकं आत वळवून पाचर केली की वेग कमी होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस हळूहळू का होईना खाली येतो. बोर्डवर पहिला दिवस बर्फावर बसण्यातच जातो. चारच दिवस आहेत तर ते बसण्यात कशाला घालवायचे?

दुसरं, गुलमर्ग म्हणजे युरोपसारखं नाही. तिथली जगभर कीर्ती आहे ती गावावरच्या अफरवट डोंगराच्या खोल, न दाबलेल्या बर्फासाठी. मशीननं सपाट केलेले नवशिक्यांचे उतार खाली आहेत पण थोडे. गाव साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा जवळपास ३,९८० मीटरपर्यंत. दुसऱ्या टप्प्याकडं नवशिक्यानं बोर्ड घेऊन जायचंच नाही. फोटोला जा, गोंडोलातूनच खाली या.

पूर्वभागकन्या

अय्यो, आलेच मी. माहेर पूर्व भाग, सध्या मुक्काम ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. इथं हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं काही नसतंय म्हणून शिकले आणि आता ऑफिसातल्या नव्या भारतीय पोरापोरींना शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय.

हिमभटक्या यांचं गुलमर्गबद्दलचं सगळं मान्य, "आधी स्कीच" हे मान्य नाही. स्की सुरुवातीला सोपं आणि पुढं अवघड होत जातं. बोर्डचे पहिले दोन दिवस छळ असतात, ते सोसले की पुढं प्रगती भराभर होते. ज्याला बोर्डच करायचंय त्याला स्की देऊन काय उपयोग, पुढच्या वेळी तो पुन्हा शून्यापासून बोर्डवर बसणारच की.

आता क्रम सांगते. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कुठला पाय पुढं ते ठरवा. डावा पुढं म्हणजे रेग्युलर, उजवा पुढं म्हणजे गूफी. उजव्या-डाव्या हातावर हे ठरत नाही. घरात मोजे घालून फरशीवर पळत येऊन घसरा, जो पाय आपसूक पुढं जातो तोच बहुतेक तुमचा. बोर्ड भाड्यानं घेताना दुकानदाराला हे आधी सांगायचं, कारण बाइंडिंग (बूट बोर्डला बांधायचे पट्टे) त्याप्रमाणं लावतात. नवशिक्याला दोन्ही पावलं थोडी बाहेर वळलेली बरी पडतात, पुढचा पाय साधारण १५ अंश पुढच्या बाजूला आणि मागचा तेवढाच किंवा त्याहून कमी मागच्या बाजूला. अंतर खांद्याएवढं. बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यावा, आणि मऊ घ्या, कडक बोर्ड वेगात जाणाऱ्यांसाठी असतो.

मग सपाट जागा. फक्त पुढचा पाय बांधायचा आणि मागच्या पायानं ढकलत चालायचं. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण लिफ्टपर्यंत (उतारावर वर नेणारी दोरीवरची सोय) जायचं, लिफ्टमधून उतरायचं ते याच अवस्थेत, एक पाय बांधलेला आणि एक मोकळा. त्यानंतर अगदी छोट्या, खाली आपोआप सपाट होणाऱ्या उतारावर मोकळा पाय दोन बाइंडिंगच्या मधे ठेवून सरळ घसरायचं. गुडघे मऊ, नजर पुढं.

यानंतर दोन्ही पाय बांधायचे आणि खरं शिक्षण सुरू होतं. बोर्ड उताराला आडवा, तोंड खाली दरीकडं, टाचेकडच्या कडेवर उभं राहायचं. पायाची बोटं वर उचलली की कड बर्फात रुतते आणि तुम्ही थांबता. बोटं केसभर सैल सोडली की बोर्ड आडवाच खाली सरकतो. सोडा, थांबा, सोडा, थांबा. याला साइड स्लिप म्हणतात आणि माझ्या मते नवशिक्याचं निम्मं शिक्षण यातच आहे. हे पक्कं झालं की कुठल्याही उतारावरून तुम्ही निदान सुखरूप खाली येता, दिसायला कसंही दिसो.

मग तेच उलटं, तोंड डोंगराकडं, बोटांच्या कडेवर. इथं सगळे घाबरतात कारण खाली काय आहे ते दिसत नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, कंबर पुढं, आणि बघायचं वर डोंगराकडं. बोर्डकडं बघितलं की वाकता, वाकलं की कड सुटते.

वळणाचं नंतर लिहिते, मीटिंग आहे.

सातरस्ता_एक्सप्रेस

ताई, बुटाची जीभ, नडगी, कंबर... हे स्नोबोर्डिंग आहे का हाडवैद्याकडची तपासणी?

फिजिओ_सोलापूर

सातरस्ता, तपासणी नंतर आमच्याकडं होतेच. 🙂

कडक_भाकरी, मी स्वतः बर्फावर गेलेले नाही, पण बर्फावरून आलेले पेशंट बघितलेत. स्नोबोर्डवाल्यांमध्ये, त्यातही नवशिक्यांमध्ये, मनगटाचं फ्रॅक्चर ठरलेलं. कारण साधं आहे, दोन्ही पाय फळीला बांधलेले, तोल गेला की पाय टाकून सावरता येत नाही, मग हात पसरून टेकवला जातो आणि सगळं वजन उघड्या पंजावर येतं.

म्हणून पुढं पडत असाल तर आधी गुडघे, मग मुठी मिटून कोपरापासूनचा हात, असं टेकवा. मागं पडत असाल तर आधी खाली बसा म्हणजे उंची कमी होईल, मग बुडावर येऊन पाठीवर लोळा, हात छातीशी, हनुवटी छातीला टेकलेली. हनुवटीचं विसरू नका, डोकं मागं आपटतं ते ती वर राहिल्यामुळं. हे घरी गादीवर रोज करा. मनगटाचे गार्ड, हेल्मेट, आणि बुडाला पॅड असलेली चड्डी घ्याच. शेवटच्यावर कुणी हसणार असेल तर हसू दे, माकडहाड तुमचं आहे.

तयारी म्हणाल तर भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, स्क्वॉट, टाचा उचलणं, एका पायावर उभारून दात घासणं, प्लँक. आणि घोटा लवचिक पाहिजे, टाच न उचलता गुडघा किती पुढं जातो ते रोज बघा. आतापासून लागलात तर फेब्रुवारीपर्यंत फरक पडतो. जायच्या आदल्या आठवड्यात जिम लावून मांड्या धरून बसू नका.

जुळे_सोलापूर_काका

एवढा पैसा घालून हाडं मोडायला काश्मीरला जायचं. आमच्या वेळी हिप्परगा तलावाच्या बांधावरून पत्र्यावर बसून घसरायचो, फुकटात मोडायची.

हे स्नोबोर्ड म्हणजे अमेरिकेतली नवी फॅशन, पाच वर्षांत विसरतील.

चारचाकी_फळी

काका नवी कसली 😄 १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या माणसानं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या, पुढं दोरी बांधली, त्याला स्नर्फर म्हणायचे. १९७७ मध्ये जेक बर्टननं बोर्ड बनवायची कंपनी काढली. १९९८ ला नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. मी जन्मायच्या आधी. आणि तुमच्यासारखं म्हणणारे तिथं पण होते, सुरुवातीला कितीतरी स्की रिसॉर्टवर बोर्डला बंदी होती. अमेरिकेत दोन-तीन ठिकाणी अजून पण आहे.

भाकरीदादा, मी विजापूर रोडला स्केटबोर्ड करतो. बॅलन्स बोर्ड घरी बनवा, जाड फळी आणि खाली पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूला पट्टी ठोका म्हणजे पाइप निसटत नाही. भिंतीजवळ करा. त्यावर गुडघ्यात वाकून उभारायचं, खांदे फळीच्या रेषेत.

पूर्वभागकन्या

फळी, बॅलन्स बोर्ड छानच. फक्त एक फरक सांगून ठेवते. स्केटबोर्डवरून उडी मारून उतरता येतं. इथं पाय बांधलेले असतात आणि बोर्ड चाकावर नाही, कडेवर चालतो. स्केटबोर्डवाली पोरं पहिल्या दिवशी सरळ घसरण्यात सगळ्यांच्या पुढं असतात आणि मग बोर्ड सपाट ठेवून उताराला आडवी जातात, खालची कड बर्फात अडकते आणि धाडकन. याला इथं एज कॅच म्हणतात. नवशिक्याच्या सगळ्यात वाईट पडण्याचं कारण हेच, आणि ते इतक्या झटक्यात होतं की मूठबीठ मिटायला वेळ मिळत नाही.

एकच नियम डोक्यात ठेवायचा. उताराला आडवं असताना बोर्ड कधी सपाट नाही, नेहमी डोंगराकडची कड रुतलेली. सपाट फक्त बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, सरळ खाली असतानाच.

कडक_भाकरी

बापरे, भारी माहिती येतीय. ताई वळणाचं लिहा की. आणि फिजिओ मॅडम, एका पायावर दात घासायला लागलोय, बायको विचारायलीय काय झालं म्हणून.

दुबईचा_पाहुणा

तुमच्या सगळ्यांचं काश्मीर काश्मीर चाललंय म्हणून सांगतो. मी अक्कलकोट रोडचा, दुबईत नोकरीला. इथं मॉलमध्ये २००५ पासून स्की दुबई आहे, बाहेर ४५ डिग्री असली तरी आत उणे एक-दोन. सगळ्यात लांब उतार ४०० मीटर. शिकवणारे प्रशिक्षित, बोर्ड-बूट-कपडे तिकिटात. मोठ्या उतारावर सोडायच्या आधी थांबता येतं का, वळता येतं का आणि लिफ्ट वापरता येते का हे बघतात. ज्यांचे नातेवाईक इथं आहेत त्यांनी एक-दोन क्लास इथं करून मग गुलमर्गला जावं. बर्फ कडक आहे, आपटलं की कळतं, पण रोज सारखाच असतो. नवशिक्याला ते बरं.

सातरस्ता_एक्सप्रेस

दुबई लांब पडतंय बे. हैदराबादला स्नो वर्ल्ड आहे की, रात्री बसलं की सकाळी पोचतंय.

हिमभटक्या

स्नो वर्ल्डमध्ये बर्फात खेळायचं, टायरवरून घसरायचं. लेकरांना न्या. बोर्ड शिकायला लागतो तेवढा उतार तिथं नाही.

उत्तराखंडातल्या औलीचं कुणी विचारणार असेल तर आधीच सांगतो. उतार नवशिक्यांना गुलमर्गपेक्षा सोयीचे, गढवाल मंडल विकास निगमचे स्कीचे कोर्स तिथं वर्षानुवर्षं चालत आलेत. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. निघायच्या आधी रस्ता, बर्फ, लिफ्ट तिन्हीची चौकशी करा. काही वर्षी बर्फच धड पडत नाही.

टेरी_टॉवेल

कपड्यांबद्दल कुणी बोललंच नाही. आमचा तीन पिढ्यांचा टॉवेलचा धंदा आहे म्हणून हे अधिकारानं सांगतो, बर्फावर सुती काही घालू नका. सूत पाणी धरून ठेवतं, म्हणून तर आपले टॉवेल जगात विकले जातात. घामानं बनियन भिजला की तो अंगावरच भिजलेला राहतो आणि लिफ्टच्या रांगेत उभारला की हुडहुडी भरते. आत पॉलिस्टर किंवा लोकरीचं, मधे फ्लीस, वर पाणी आत न येणारं जॅकेट-पँट. जीन्स तर अजिबात नको. बर्फावर बसणार आहात तुम्ही, जीन्स दहा मिनिटांत भिजते.

मोजे एकच जोड. थंडी म्हणून दोन घातले की पाऊल बुटात हलतं.

पूर्वभागकन्या

टॉवेलभाऊ शंभर टक्के. बुटाचं पुढचं मी सांगते. बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागं सरकली पाहिजेत. टाच आत उचलली जायला लागली तर बूट मोठा, बदलून मागा, लाजू नका. बूट ढिला असेल तर तुम्ही बोटं उचलता आणि बोर्डला त्याचा पत्ताच नसतो. आत फक्त मोजा, थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही, वळी पडली की नडगी सोलून निघते.

आता वळण. साइड स्लिप दोन्ही कडांवर जमली की आधी फॉलिंग लीफ करा. टाचेच्या कडेवरच, वजन डाव्या पायावर नेलं की बोर्ड तिरका डावीकडं सरकतो, उजव्यावर नेलं की उजवीकडं. तोंड पूर्णवेळ खालीच. इथं कळतं की बोर्ड पायानं ढकलून फिरवायचा नसतो, जिकडं बघता आणि जिकडं वजन देता तिकडं तो स्वतः जातो.

मग पहिलं वळण. आडवे जात असताना वजन पुढच्या पायावर, नजर आणि पुढचा खांदा खाली. बोर्डचं नाक हळूहळू खाली वळायला लागतं. इथं एक क्षण असा येतो की बोर्ड सरळ खाली बघतोय, वेग वाढतोय आणि अंगातला प्रत्येक स्नायू सांगतोय मागं रेल. तिथं मागं रेललात की संपलं, पुढच्या भागावरचं वजन गेलं, नाक वळतच नाही, आणि मग लोक मागचा पाय झाडूसारखा फिरवत बसतात. त्या क्षणाला पुढच्याच पायावर राहायचं, गुडघा वळायच्या दिशेनं दाबायचा, बोर्ड फिरू द्यायचा आणि मग सावकाश दुसऱ्या कडेवर. घाई केली, म्हणजे नाक खाली यायच्या आधीच कड बदलली, की परत एज कॅच.

टाचेकडून बोटांकडं आणि बोटांकडून टाचेकडं, दोन्ही वेगवेगळी शिकायची. जोडायची नंतर.

कडक_भाकरी

पण ताई, मग व्हिडिओतले लोक मागं रेलून कसे जातात? एकदोघं नाहीत, सगळेच.

हिमभटक्या

याचं उत्तर मी देतो कारण ते व्हिडिओ बहुतेक आमच्या गुलमर्गचेच असतात. ते लोक खोल भुसभुशीत बर्फात असतात. तिथं वजन थोडं मागं ठेवावं लागतं, नाहीतर बोर्डचं नाक बर्फात घुसतं आणि तुम्ही डोक्यावर. दाबलेल्या बर्फावर बरोबर उलटं. नवशिके तो व्हिडिओ बघतात आणि कडक उतारावर मागं रेलतात. या एका मुद्द्यावर ताईंशी पूर्ण सहमत, नोंद घ्यावी.

पूर्वभागकन्या

नोंद घेतली. स्क्रीनशॉट काढला.

गड्डाप्रेमी

ताईंचं वाचताना गड्ड्याच्या मिरवणुकीत पेलतात त्या आपल्या उंच नंदीध्वजाची आठवण झाली. बघणाऱ्याला वाटतं सगळी ताकद हाताची, पेलणारा सांगतो कंबर आणि मांड्यांचं काम आहे. ते लोक पण यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव करतात, थेट मिरवणुकीत कुणी उचलत नाही.

जुळे_सोलापूर_काका

नंदीध्वजाची आणि या फळीची बरोबरी करू नका. तिथं श्रद्धा आहे.

गड्डाप्रेमी

काका, मी तोलाबद्दल बोललो हो. श्रद्धेचं नाव पण नाही घेतलं.

सातरस्ता_एक्सप्रेस

एज कॅच झाल्यावर श्रद्धा आपोआप येत असणार.

चारचाकी_फळी

😂😂

माझा मामेभाऊ गेल्या हिवाळ्यात मनालीजवळ सोलंगला गेलता. तिथं एका दुकानात त्याला बोर्ड दिला तो रेग्युलर लावलेला आणि दोन्ही बाइंडिंग पुढच्याच दिशेला वळवलेली, हा गूफी. विचारलं तर म्हणे सगळ्यांना हाच देतो. वर स्क्रू पण ढिला. त्यामुळं भाड्यानं घेताना चारही बाजूनं हलवून बघा, बदलून द्यायला पाच मिनिटं लागतात, स्क्रूड्रायव्हरचं काम आहे.

हिमभटक्या

बरोबर. कडांवर बोटाचं नख फिरवून बघायचं, अगदी बोथट किंवा गंजलेली असेल तर कडक बर्फावर धरत नाही.

गुलमर्गच्या व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गनंतर चढ, बर्फ पडला असेल तर चाकाला साखळी असलेली गाडी घ्यावी लागते. इथलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड चालतं, हे चौघांपैकी एकाकडं तरी असू द्या. गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा, रांगेत उभारून मिळेल या भरवशावर जाऊ नका. पहिल्या दिवशी पळापळ नको, २,६५० मीटरवर धाप लागते, पाणी पीत राहा. गॉगल आणि सनस्क्रीन ढग असले तरी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळं हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली पण भाजतं.

शिकवणारा घ्याच. दर आणि तास आधी बोलून घ्या, आणि विचारा की तू स्वतः बोर्ड करतोस का. बरेचसे स्कीवाले असतात, बोर्ड पण शिकवतो म्हणतात.

आणि पुन्हा एकदा, दोऱ्या लावलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथं हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर गेला. तो काही नवशिका नव्हता.

फिजिओ_सोलापूर

आणि दमलात की थांबा. "शेवटची एक फेरी" म्हणून गेलेले लोक पाय थकलेले असताना पडतात. माझ्याकडं आलेल्यांना विचारलं तर बऱ्याच जणांचं वाक्य तेच असतं.

टेरी_टॉवेल

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला पण न्यायचं मनात आहे. बोर्ड का स्की?

पूर्वभागकन्या

आठ म्हणजे दोन्ही चालतं. लहान मुलांना बहुतेकदा स्कीवर आधी आणतात कारण पाय वेगळे हलवणं त्यांना सोपं जातं. पण तिला बोर्डच आवडत असेल तर तिच्या मापाचा मऊ बोर्ड मिळाला तरच द्या. मोठ्यांचा छोटा बोर्ड दिला तर तिच्या वजनानं तो वाकतच नाही, मग वळणार कसा. हेल्मेट तिच्या डोक्याला घट्ट बसणारं पाहिजे, वरून टोपी घालून मोठं हेल्मेट चढवायचं नाही.

कडक_भाकरी

मंडळी, आतापर्यंतचं सगळं वहीत उतरवलंय. तरी मूळ प्रश्न राहिला, चार दिवसांत काय जमेल? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

हिमभटक्या

मी अजून म्हणतो स्की घे. पण ऐकणार नाहीस. मग चारही दिवस खालच्या नर्सरी उतारावरच काढ, शेवटच्या दिवशी हौस म्हणून कोंगडोरीवरून बोर्डवर खाली यायचा मोह करू नको. तो रस्ता नवशिक्याचा नाही, मधे सपाट तुकडे आहेत, तिथं वेग गेला की बोर्ड काढून चालावं लागतं.

पूर्वभागकन्या

सकाळी दोन तास शिकवणारा, दुपारी तेच एकट्यानं घोटायचं, असं केलंस तर पहिल्या दिवशी टाचेची कड, दुसऱ्या दिवशी बोटांची कड आणि फॉलिंग लीफ. तिसऱ्या दिवशी अंग एवढं दुखेल की उठवणार नाही, तरी जा, वळणं त्याच दिवशी सुरू होतात. चौथ्या दिवशी सोप्या उतारावर दोन-तीन वळणं जोडलीस तर चांगलं झालं म्हणायचं. नाही जोडली तरी साइड स्लिप करत न ओरडता खाली येशील, तू तेवढंच मागितलं होतंस. बरेच जण बोटांच्या कडेवर अडतात, कारण टाचेवरून कसंही खाली येता येतं म्हणून ती बाजू टाळतात आणि मग वर्षानुवर्षं अर्धाच बोर्ड चालवतात. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दे.

आणि उतारावर वागायचं कसं ते पण शिकून घे. खालच्या माणसाचा हक्क आधी, त्याला दिसत नसतं, वरून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. थांबायचं ते कडेला, उंचवट्याच्या खाली लपून नाही. बोर्ड काढून ठेवताना बाइंडिंग खाली करून उलटा ठेवायचा, नाहीतर तो एकटाच खाली निघतो आणि कुणाच्या तरी पायावर जातो.

जुळे_सोलापूर_काका

हे खालच्या माणसाचा हक्क आधी हे बरं आहे. आमच्या जुळे सोलापूरच्या रस्त्याला लावा.

बरं, ताई, एक विचारतो. त्या दोरीच्या लिफ्टचं काय? टीव्हीवर बघितलं, बसायला काहीच नसतं, नुसती ओढत नेते. एका पायावर माणूस कसा टिकतो?

सातरस्ता_एक्सप्रेस

काका तिकीट काढायलेत वाटतं 😄

पूर्वभागकन्या

काका, चांगलं विचारलंत, हे कुणी आधी सांगतच नाही. ती चकती किंवा दांडा असतो ना, त्यावर बसायचं नसतं. बसलं की दोरी ताणून जाते आणि माणूस खाली. चकती पुढच्या पायाच्या मांडीमागं अडकवायची, मागचा मोकळा पाय दोन बाइंडिंगच्या मधे, तोही मागच्या बाइंडिंगला टेकवून. बोर्ड लिफ्टच्या वाटेत सरळ, वजन पुढच्या पायावर, गुडघा मऊ, हातानं दांडा धरायचा पण ओढायचा नाही, तीच तुम्हाला ओढते. पडलात तर दांडा लगेच सोडून द्यायचा आणि वाटेतून बाजूला सरपटायचं, मागून दुसरा येत असतो. वर पोचल्यावर दांडा सोडला की तिथंच उभं राहून इकडं तिकडं बघायचं नाही, आधी बाजूला व्हायचं.

जुळे_सोलापूर_काका

समजलं. आमच्या नातवासाठी विचारत होतो.